मडगार्डचा गंज आणि सिलचा गंज : जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मामांची १९५९ची मॉरिस मायनर १००० आहे. मामा गेले, आणि मामींनी गाडी मला देऊ केली आहे. बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये एका जागी उभी आहे. चारही टायर बसलेत, पुढच्या डाव्या मडगार्डला हात जाईल एवढं भोक आहे, सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. एका मिस्त्रींनी मडगार्ड बघूनच ‘भंगारात द्या’ म्हटलं. दुसऱ्यांनी हँडल घालून इंजिन फिरवलं आणि म्हणाले, ‘इंजिन फ्री आहे, म्हणजे गाडी चांगली आहे.’ घरी बायकोचं म्हणणं, यात पैसा घालून हाती काही लागणार नाही. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : दोन्ही मिस्त्रींनी गाडी बघितली, पण जिथे बघायला हवी होती तिथे नाही. मॉरिस मायनरची चारही मडगार्डं बोल्टवर बसतात. गंजलेलं मडगार्ड काढायचं आणि दुसरं लावायचं. बोल्ट गंजून धरलेले असतील तर ते कापावे लागतील, पण काम तेवढंच. नवी मडगार्डं बनवून मिळतात. भोक भलं मोठं दिसतं, म्हणून माणूस घाबरतो. इंजिनचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. या गाडीत ९४८ सीसीचं ए-सिरीज इंजिन आहे. हे इंजिन कुटुंब १९५१ पासून २००० पर्यंत बनत राहिलं, मिनीमध्येही तेच होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट मिळवायला फार वणवण करावी लागत नाही. इंजिन जाम असतं तरी मी तुम्हाला गाडी सोडा म्हटलं नसतं, आणि फ्री आहे म्हणून घ्याही म्हणणार नाही.

निर्णय होतो तो बॉडीच्या सांगाड्यावर. १९४८ साली डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मायनर लंडनच्या मोटर शोमध्ये आली ती वेगळ्या चॅसीशिवाय. फरशी, दरवाज्यांखालच्या लांब पेट्या, म्हणजे सिल, इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे चॅसी लेग, मधला आडवा मेंबर आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगांचे, हँगर हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आहे आणि गाडीचा सगळा भार त्यावर आहे. वेगळ्या चॅसीच्या गाडीत बॉडी सडली तरी खाली काहीतरी उभं राहतं. इथे सिल गेली की गाडी मधून वाकायला लागते. हा गंज बाहेरून दिसत नाही. पेटीच्या आत पाणी साचतं आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेर रंगाला चार फुगे दिसतात, तोपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

माझं सगळं आयुष्य पत्र्याच्या कामात गेलं, त्यामुळे तुम्ही काय करावं ते नेमकं सांगतो. जुना स्क्रू ड्रायव्हर, लहान हातोडी, चुंबक, चांगला टॉर्च आणि जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या. मास्क आणि हातमोजे घाला. उंदरांची लेंडी आणि मुताचा वाळलेला थर नाकात जाऊ देऊ नका. सीट आणि कार्पेट बाहेर काढा. ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी नीट बघा. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर फरशीखाली चॅसी लेगमध्ये बसवलेला असतो. तो गळत असेल तर ब्रेक ऑइलने आजूबाजूचा रंग उठलेला असतो, आणि उघड्या पत्र्याला गंज धरतोच.

मग गाडीखाली शिरा. जॅकच्या भरवशावर नाही, गाडी पक्क्या घोड्यांवर ठेवून. मागच्या पाट्यांचं पुढचं टोक जिथे बॉडीला बसतं तिथे जा. चाकाने उडवलेला चिखल तिथे जाऊन बसतो, वाळतो, पुढच्या पावसात पुन्हा भिजतो. तो खरवडून काढा आणि हातोडीने हलकेच ठोका. शाबूत पत्रा टणटण वाजतो. खाल्लेला पत्रा थप्प असा आवाज करतो, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं तर आत जातं. पुढच्या चॅसी लेगवर आणि मधल्या मेंबरच्या दोन्ही टोकांवर हेच करा. कुठे पत्र्यावर पत्रा, त्यावर आणखी एक पत्रा असे तुकडे डकवलेले दिसले तर थांबून नीट बघा. गंज कापून न काढता वरून तुकडा लावला असेल तर आतला गंज थांबलेला नाही, तो फक्त झाकलाय. सिलवर चुंबक फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, आहे.

आता पुठ्ठा. गाडी चाकांवर उभी असताना दरवाजा लावा आणि मागच्या कडेच्या फटीत वर आणि खाली किती पुठ्ठा बसतो ते बघून खूण करा. मग त्या बाजूची जॅक लावायची जागा ठोकून बघून, ती भक्कम असेल तरच, तिथे जॅक लावून गाडी थोडी उचला. फट तशीच राहिली आणि दरवाजा पहिल्यासारखा उघडला-मिटला, तर सांगाड्यात जोर आहे. फट बदलली, दरवाजा घासायला लागला, किंवा जॅकच आत रुतायला लागला, तर उत्तर मिळालं. मला कुणी एकच परीक्षा करायची मुभा दिली तर मी हीच करीन.

याच वेळी पुढची चाकं जमिनीपासून सुटली की टायर वर-खाली धरून हलवून बघा. मायनरच्या पुढच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या दांड्याला, खालच्या बाजूला आटे असलेला ट्रनियन नावाचा जोड असतो. त्याला वेळेवर वंगण मिळालं नाही की आटे झिजतात, आणि चालत्या गाडीत जोड सुटून चाक आत दुमडतं. हा भाग नवा मिळतो, म्हणून यावरून गाडी नाकारू नका. पण एवढी वर्षं उभी असलेली मायनर चालवत घरी आणू नका. ट्रेलरवर किंवा उचलणाऱ्या गाडीवर आणा. ब्रेकचंही तसंच. या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे. एक जुना रबरी पाइप फुटला की पेडल पूर्ण खाली जातं आणि हातात फक्त हँडब्रेक राहतो.

ही गाडी किती चालली किंवा किती जुनी आहे, याला मी फारसं महत्त्व देत नाही. पाणी कुठे साचलं हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९५७ साली एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या भुयारात पुरली होती, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. २००७ मध्ये भुयार उघडलं तेव्हा आत पाणी भरलेलं होतं. दुरून गाडीचा आकार जसाच्या तसा, पण पत्रा पार खाल्लेला. ती पुन्हा रस्त्यावर आली नाही, प्रदर्शनात ठेवण्यापुरतीच उरली. मामांच्या शेडचा पत्रा गळत होता का, खाली माती होती की कोबा, हे मामींना जरूर विचारा. उघड्या मातीवर उभ्या गाडीला खालून ओल लागत राहते.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल. पैशाच्या हिशेबात त्या बरोबर आहेत, आणि हे मी कोणत्याही वाचकाला सांगतो. पडीक गाडी पूर्ण उभी करण्यापेक्षा कुणीतरी आधीच नीट केलेली तीच गाडी विकत घेणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. पत्रा आणि रंग यांतच सगळ्यात जास्त पैसे जातात, कारण ते हाताचं काम आहे आणि तासांवर चालतं. तेव्हा ‘परवडेल का’ एवढंच विचाराल तर उत्तर नाही असंच येईल. ‘मला हीच गाडी हवी आहे का’ हे आधी विचारा. मामांची म्हणून हवी असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, ते पुरेसं कारण आहे. फक्त मायनर हवी असेल, कुठलीही, तर चांगली उभी असलेली शोधा. सोळा लाखांवर मायनर बनल्या, ती काही जगातली शेवटची नाही.

माझं मत विचाराल तर असं. पुढचे लेग आणि मागचे हँगर शाबूत असतील आणि फक्त फरशी आणि सिल गेल्या असतील, तर घ्या. सिल नव्या बसवता येतात, पण बसवणाऱ्याने गाडीला आतून आडवे आधार देऊन, एका वेळी एकच बाजू कापून, पत्रे बसवायला हवेत. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी वाकते आणि मग दरवाजे कधीच नीट बसत नाहीत. लेग, हँगर, मेंबर आणि सिल असं सगळंच गेलं असेल, तर ही बॉडी सोडा. गाडी मात्र भंगारात देऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, काचा, मीटर, दरवाज्यांच्या कड्या यांतून दुसरी एखादी मायनर चालत राहील. आणि घ्यायची ठरवलीत तर आधी कागदपत्रं बघा. गाडीवरचा चॅसी नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. हे मामींच्या हयातीत आणि त्यांच्या सहीने उरकून घ्या.

एक गोष्ट राहिली. बॅटरी जोडताना या गाडीत मुळात प्लस बॉडीला असतो. मधल्या काळात कुणी बदललं आहे का ते वायरिंगवरून आधी तपासा, मगच टर्मिनल लावा.

प्रश्न : एक ओळखीचे गृहस्थ त्यांची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत आहेत. त्यांनी ती रिस्टोअर करायला पूर्ण उघडली होती, मग त्यांची बदली झाली. आता बॉडी एकीकडे, इंजिन एकीकडे आणि बाकी सगळं खोक्यांत आहे. ‘अवघड काम मी केलंय, तुम्ही फक्त जोडायची’ असं ते म्हणतात. भाव चांगला आहे. घ्यावी का?

उत्तर : उघडणं हे सोपं काम असतं. खोक्यांतल्या गाडीपेक्षा तीच गाडी अंगावर गंज घेऊन पण अख्खी उभी असलेली मी केव्हाही घेईन. अख्ख्या गाडीत कोणता बोल्ट कुठे बसतो हे गाडीच सांगते. कोणता ब्रॅकेट आधी, वायर कुठल्या क्लिपमधून जाते, दरवाज्याच्या बिजागराखाली किती शिम, म्हणजे पातळ चकत्या, होत्या, ही सगळी माहिती उघडणाऱ्याच्या डोक्यात होती आणि ती खोक्यांबरोबर येत नाही.

माझ्या पाहण्यात आलेल्या अर्धवट गाड्यांमधल्या बहुतेक गंजाने थांबलेल्या नव्हत्या. मालकाने उत्साहात सगळी खोलली, पत्र्याच्या कामाला वेळ लागला, कुणाची नोकरी बदलली, कुणाचं घर, आणि गाडी तिथेच राहिली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येक गाड्या उघडण्याआधी चालत होत्या.

तरीही तुमचं मन असेल तर दोन अटींवर बघा. पहिली, सगळी खोकी मोकळ्या जमिनीवर ओता आणि पार्ट्स मॅन्युअल समोर ठेवून एकेक पान टिक करा. यात अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या. इंजिनचे मोठे भाग कुणी हरवत नाही. हरवतात त्या काचेच्या बीडिंगच्या क्लिपा, हँडलच्या पिना, मीटरचे कंस, कापडी हूडच्या पट्ट्या. जोडताना हेच शेवटी लागतं, आणि ते नाही हे तेव्हाच कळतं. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव क्रोम भाग, म्हणजे दिव्यांच्या कड्या, बिल्ले, मुठी, यांवर बारीक खड्डे पडलेत का बघा. स्टीलचा बंपर घासून पुन्हा क्रोम करता येतो. या ओतीव भागांचे खड्डे मात्र खोल असतात आणि त्यांवर सहसा चांगलं क्रोम बसत नाही.

दुसरी अट, बॉडी. एमजीबी १९६२ ते १९८० बनली आणि तिलाही वेगळी चॅसी नाही. तिची सिल एकाच पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये एक घडीचा पत्रा अशा थरांची असते. विकण्यासाठी ‘दुरुस्त’ केलेल्या गाड्यांत पुष्कळदा फक्त बाहेरचा पत्रा नवा असतो. दरवाज्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत वेल्डिंग बघा आणि आतल्या बाजूने फरशीच्या कडेला दाबून बघा. नवा चकचकीत रंग दिला असेल तर मी जास्त सावध होईन. उघड्या गाडीला वेल्डिंगचे फोटो न काढता रंग देणाऱ्याने काय झाकलं ते तो सांगणार नाही.

एमजीबीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून या गाडीची अख्खी नवी बॉडी बनवायला सुरुवात केली, मूळ डाय वापरून. त्यामुळे बॉडी गेली म्हणजे मार्ग संपला असं या मॉडेलबाबत म्हणता येत नाही. पण मग जुन्या गाडीतून नेमकं काय उरतं, याचं उत्तर मनाशी स्पष्ट असू द्या. तुमच्याकडची नोंदणी करणारी कचेरी नव्या बॉडीला जुना नंबर ठेवू देते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

खोकी तपासू द्यायला गृहस्थ तयार नसतील तर नमस्कार करून परत या.

प्रश्न : काका, माझ्या बाबांची १९६९ची फोक्सवॅगन बीटल आमच्या मागच्या गॅरेजमध्ये उभी आहे. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. मला ती त्यांच्यासाठी पूर्ण रिस्टोअर करायची आहे, पण गॅरेजवाले म्हणतात दोन वर्षं तरी लागतील. बाबा वरून काही बोलत नाहीत, पण दर रविवारी जाऊन गाडी पुसतात. काय करू?

उत्तर : ताई, पूर्ण रिस्टोरेशन आत्ता करू नका. गाडी चालती करा, थांबती करा, आणि बाबांना बसवा. रंग आहे तसा राहू दे. जे बाबा दर रविवारी पुसतात तोच रंग त्यांना ओळखीचा आहे.

बीटलच्या बाबतीत हे शक्यही आहे. एकूण दोन कोटी दहा लाखांवर बीटल बनल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत. ब्रेक, रबर, केबल, कार्ब्युरेटरचे किट असं सगळं चालती करण्यापुरतं आजही मिळतं. पण काही कामं टाळून चालणार नाही, आणि त्यांत पहिलं पेट्रोलच्या पाइपांचं. या गाडीत इंजिन मागे, कार्ब्युरेटर त्याच्या डोक्यावर, आणि पाइप बहुतेक कापडाच्या वेष्टनाचा. वरून चांगला दिसतो, आतलं रबर कुजलेलं असतं. तो गरम इंजिनवर फुटला की आग लागते, आणि बीटलच्या इंजिनचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, एकदा पेटला की विझवणं फार कठीण. म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंत रबराचा प्रत्येक तुकडा नवा घाला, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकेल असा, प्रत्येक टोकाला क्लिप लावून. टाकी काढून आतून धुऊन घ्या. जुनं पेट्रोल गाडीत अजिबात ओढू देऊ नका, ते चिकट झालेलं असतं.

मग मागची सीट उचला. बॅटरी उजव्या बाजूला सीटखाली असते. तिच्या अ‍ॅसिडने खालची फरशी बहुधा खाल्लेली असते, तिथे भोक असेल तर तो तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्या. बॅटरीवर झाकण हवंच, कारण सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला टेकल्या की सीट पेटते. तिथूनच दोन्ही कडेच्या हीटर चॅनलवर हात फिरवा. इंजिनची गरम हवा त्यांतून पुढे येते म्हणून हे नाव, पण बॉडीला ताठ ठेवण्याचं कामही तेच करतात. ते सडले असतील तर एवढं एक वेल्डिंगचं काम आत्ताच करावं लागेल. ते शाबूत असतील तर बाकी गंज पुढच्या वर्षीही थांबेल.

ब्रेकचे चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइप नवे. ड्रम उघडताना मिस्त्रींना हवा मारू देऊ नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचा, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. टायरवर नक्षी कितीही असो, कडेवरचे चार आकडे वाचा. शेवटचे दोन आकडे वर्ष आणि पहिले दोन आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २०००च्या आधीचा आहे. असे टायर लावून बाबांना फिरवू नका, नवे घ्या.

हे सगळं चालू असताना बाबांना शेजारी खुर्ची टाकून बसवा आणि विचारा. कार्ब्युरेटर कधी बदलला, मागचं डावं मडगार्ड मूळ आहे का, चावी फिरवताना अ‍ॅक्सिलरेटर किती दाबायचा, तिसरा गिअर घालताना काय करावं लागतं. वहीत लिहून घ्या, जुने फोटो असतील तर त्यांच्या मागे तारखा घाला. पुढे कधी पूर्ण काम कराल तेव्हा कोणताही मिस्त्री देऊ शकणार नाही अशी माहिती ही आहे. गॅरेजवाल्यांना सांगा, दोन वर्षांचं काम नंतर बघू, आत्ता एवढीच यादी हवी.

प्रश्न : माझ्या गाडीचा मूळ रंग उडाला आहे, छपरावर तर प्रायमर दिसतो. गाडी बाकी चांगली चालते. मित्रमंडळी म्हणतात, रंग दिल्याशिवाय क्लासिक म्हणवत नाही. रंग द्यावा का?

उत्तर : उघडा पत्रा दिसत नसेल तर देऊ नका. कारखान्याचा रंग एकदाच असतो, एकदा घासून काढला की तो परत आणता येत नाही. जुन्या गाड्यांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयव्हीए याने २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर मान्य केली. स्मारकांसाठीच्या १९६४च्या व्हेनिस चार्टरच्या धर्तीवरच ती आहे, आणि तिचा भर आधी जतनावर आहे, पुन्हा नवं करण्यावर नंतर. २००९ मध्ये माजोरे सरोवराच्या तळातून काढलेली १९२५ची बुगाटी आठवा. तिचा लिलाव झाला आणि घेणाऱ्या संग्रहालयाने ती गंजलेली, अर्धी खाल्लेली, तशीच ठेवली. तुमची गाडी त्यापेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीत आहे.

आधी रंग मूळ आहे का ते बघा. आडबाजूला थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर लॅकर नसलेला जुना रंग आहे. मायक्रॉन मोजायचं मीटर मिळालं तर सगळ्या पॅनलवर लावा. कारखान्याचा थर साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. ३००-४०० दाखवलं तर पुन्हा रंगवलंय, हजाराच्या वर गेलं तर खाली लांबी आहे. मूळ रंग निघाला तर हलकं पॉलिश, वॅक्स, आणि छपराच्या उघड्या भागापुरता जुळता रंग, एवढंच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा आणि मास्क घाला. लांबीच्या थरांवर चढवलेला रंग निघाला तर माझं मत उलटं. तो सगळा उतरवा आणि खालचा पत्रा बघा, कारण तिथे कुणीतरी काहीतरी झाकलंय.

प्रश्न : इंजिन जाम आहे. गाडी सोडून द्यावी का?

उत्तर : नाही. स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून गिअरमध्येही टाकू नका. जाम रिंग बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेली असताना जोर दिला तर रिंग तुटते आणि बोअरला चर पडतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, काही दिवस थांबा, मधूनमधून आणखी सोडा. मग क्रँकच्या बोल्टला लांब पान्हा लावून दोन्ही दिशांना अगदी थोडं थोडं हलवा. सुटलं तर प्लग बाहेर ठेवूनच हाताने पूर्ण फेरे फिरवा, जुनं ऑइल काढा, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट बघा. हेड न उघडता एवढं कळतं. सुटलंच नाही तर हेड काढावं लागेल, पण ते करण्याआधी वर पहिल्या उत्तरात सांगितलेली सिल आणि हँगरची तपासणी करून घ्या. बॉडी गेलेली असेल तर हेड उघडण्यात वेळ घालवू नका.